वसंतातलं घर, बाग आणि रानवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की हे प्रश्न यायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत येत राहतात. विचारणारे बहुतेक पुणे, मुंबई, नाशिककडचे, फ्लॅटमध्ये राहणारे, त्यामुळे उत्तरंही त्याच हवेला धरून आहेत. विदर्भात ऊन लवकर चढतं. तिकडच्यांनी पेरणीच्या वेळा पंधरा दिवस अलीकडे घ्याव्यात.

१. आपल्याकडे वसंत नेमका असतो कधी? पंचांगात चैत्र-वैशाख लिहिलंय, पण तेव्हा तर ऊन भाजून काढतं.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, हे खरं. वसंत पंचमी मात्र माघात येते, आणि झाडांची लगबगही साधारण तेव्हाच सुरू होते. जानेवारी संपता संपता काटेसावर फुलते, आणि तिथून बहावा पिवळा होईपर्यंत, म्हणजे थेट एप्रिल-मेपर्यंत, काही ना काही चालूच असतं.

आपला वसंत कोरडा असतो, हे एकदा मनात पक्कं करावं. पानझडी झाडं पाणी वाचवण्यासाठी पानं टाकून देतात. उघड्या फांद्यांवरची फुलं पाखरांना लांबून दिसतात, आणि यातल्या बऱ्याच झाडांचं बी पावसाच्या तोंडावर पिकून जमिनीत पडतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवळ बघायला निघालेला माणूस हिरमुसून परततो आणि रंग बघायला निघालेला खूश होतो. वेळही सांभाळायला हवी. सूर्योदयापासून नऊ वाजेपर्यंत वसंत असतो, पुढे उन्हाळा. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. कोणतं झाड कधी फुलतं? आम्ही दर वर्षी उशिरा पोचतो.

उशीर होतो, कारण बेत पाडव्यानंतर ठरतो. पळस बघायचा असेल तर होळीच्या आधीचे दोन-तीन रविवार राखून ठेवा. पाडव्याला बऱ्याच ठिकाणी फक्त झडलेली फुलं उरलेली असतात.

काटेसावर सगळ्यात आधी, जानेवारीअखेरीपासून. पाठोपाठ पांगारा आणि पळस. मार्चमध्ये कुसुंबाला लालभडक नवी पालवी फुटते आणि लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. घाटातल्या वळणावर एखादा कुसुंब असा पेटलेला दिसला तर गाडी सुरक्षित जागी लावून खाली उतराच. पालवीचा तो रंग थोडेच दिवस टिकतो, मग पानं हिरवी होतात. करंजही याच सुमाराला पोपटी होतो. कडुनिंबाचा मोहर पाडव्याच्या आगेमागे येतो आणि रात्री त्याचा मंद वास गल्लीभर असतो. एप्रिलच्या मध्यापासून बहावा, गुलमोहर आणि ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यफूल, पण ते ओळखणारी माणसं कमी भेटतात. जांभळट-गुलाबी, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या दिसल्या की मुलांना नाव सांगून ठेवा.

एकच झाड बघायला वेळ असेल तर मी काटेसावर निवडेन. सकाळी सातच्या सुमाराला फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास नुसतं उभं राहावं. मैना, भांगपाडी मैना, कोतवाल, शिंजीर, कावळे, खारी, सगळे मधासाठी भांडत असतात आणि मधूनच एखादं जाड फूल 'धप्' करून शेजारी पडतं.

३. पळस, पांगारा, काटेसावर, सगळी लालच. ओळखायची कशी?

खाली पडलेलं फूल उचला, तिथे निकाल लागतो. काटेसावरीचं फूल ओंजळभर, पाच जाड मांसल पाकळ्यांचं, आत पुंकेसरांचा झुपका. झाड उंच आणि सरळ, तरुण खोडावर शंकूसारखे काटे. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, आणि ते ज्या वाटीत बसलेलं असतं ती वाटी काळपट मखमली. तिच्यावरून बोट फिरवलं की मुलं पळस पुन्हा विसरत नाहीत. झाड बुटकं, वेडंवाकडं. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला गुच्छाने येतात, प्रवाळासारखी लाल, आणि फांद्यांवर बारीक काटे असतात. पानांवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण त्रिदळ पळसालाही असतं आणि पांगाऱ्यालाही.

फेब्रुवारीत रस्त्याकडेला फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतात ती बहुधा गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतून आलेली. शहरातला गुलाबी टॅबेबुया आणि जांभळा नीलमोहर हेही अमेरिका खंडातले पाहुणे.

४. मुलांच्या परीक्षा, आमच्या नोकऱ्या. हातात एकच रविवार आहे. कुठे जावं?

लांब जाऊ नका. घरापासून दीड-दोन तासांच्या आत, पहाटे निघून जेवायला घरी, हाच बेत वसंतात जमतो.

पुण्याहून मला भोरचा रस्ता आवडतो. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर, पुढे महाडच्या दिशेने नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध घाटाच्या माथ्यापर्यंत. पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन चढायच्या आत पाण्याकाठी बसून डबा उघडता येतो. खाली शिवथरघळीपर्यंत उतरायचं असेल तर अख्खा दिवस धरा. या घाटात रस्त्याची कामं निघतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करावी. दुसरा पर्याय मुळशीवरून ताम्हिणी. पावसाळ्यात तिथे धबधब्यांसाठी गर्दी उसळते, फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी मात्र रस्ता बराच मोकळा असतो.

मुंबई-पनवेलकरांना कर्नाळा अभयारण्य जवळचं. नाशिककरांनी दिंडोरी-वणीकडे जावं, मार्चमध्ये द्राक्षांची काढणी चालू असते. नागपूरकर या बाबतीत सगळ्यांत भाग्यवान. रामटेक-पेंचच्या बाजूला पळस एकेकटा नाही, रांगांनी दिसतो.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि बाटलीत ताक. बाकी वाटेवर मिळेल ते घ्यावं. मार्चपर्यंत वाई-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी, पुढे कलिंगड, आणि एप्रिलअखेर घाटात पानाच्या द्रोणात करवंदं. ती विकणाऱ्या मावशींशी घासाघीस करू नका. काट्यांत हात घालून वेचलेली असतात.

५. सोबत आजी-आजोबा आणि लहान बाळ आहे. काय काळजी घ्यावी?

घाट लागायच्या आत हलकं खाणं उरकावं, गाडी लागणाऱ्याला पुढे बसवावं, आवळासुपारी हाताशी ठेवावी. आजीआजोबांची खरी अडचण स्वच्छतागृहाची असते आणि संकोचामुळे ते बोलत नाहीत, पाणीच कमी पितात. म्हणून थांबे आधीच ठरवा आणि त्यांना सांगून ठेवा. बंद गाडीत बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला 'पाचच मिनिटं' म्हणूनही ठेवू नये, उन्हात आतली हवा फार झपाट्याने तापते.

गाडीच्या बाबतीत इतकंच. टायरमधली हवा निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा, कूलंट बघा, आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापून पकड सोडतात. फोटोसाठी वळणावर थांबू नये, फूल कितीही सुंदर असलं तरी.

६. पळसाची फुलं घरी आणून रंग करता येतो का? तोडली तर चालतात?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायचं नाही, उचलायचंही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो फुलांनाही लागू होतो. इतर ठिकाणी खाली पडलेली ताजी फुलं वेचावीत. झाडावरची पाखरांसाठी.

दोन ओंजळी पाकळ्या पातेलंभर पाण्यात मंद आचेवर उकळा, रात्रभर तशाच ठेवा, सकाळी फडक्यातून गाळा. सुंदर केशरी पाणी मिळतं. वाळवलेल्या पाकळ्यांचाही रंग उतरतो, त्यामुळे होळीआधी वेचून रंगपंचमीपर्यंत ठेवता येतात. रंग गडद करायला चुना टाकतात असं कुणी सांगेल. कापडासाठी ठीक आहे, अंगावर उडवायच्या पाण्यात चुना नको. पांढऱ्या सदऱ्यावर डाग राहतात, हे मात्र गृहीत धरा.

७. डोंगर जळताना दिसला, किंवा मधमाश्या मागे लागल्या तर?

फेब्रुवारीपासून सह्याद्रीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. वणवे बहुतेक माणसांमुळेच लागतात, एखाद्या विडीच्या थोटकानेसुद्धा. रानात चूल पेटवू नका, काडी ओढू नका. आग दिसली तर स्वतः विझवायला चढू नका. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, नाहीतर ११२ फिरवा आणि जवळच्या गावाचं नाव सांगा. फुटलेली घरटी आणि कोळसा झालेली रोपटी एकदा जवळून पाहिली की हा विषय साधा वाटत नाही.

गडांच्या कड्यांवर आणि उंच झाडांवर याच दिवसांत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा, तिन्ही टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-डोकं ओढणीने झाकून सरळ लांब जा, शक्य असेल तर गाडीत किंवा घरात शिरा. बरेच डंख झाले असतील, श्वास लागत असेल किंवा तोंड सुजत असेल तर थेट दवाखाना.

८. बाल्कनी पश्चिमेची आहे. दुपारनंतर कडक ऊन. काय जगेल?

जास्वंद, मोगरा, बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब, अडेनियम ही उन्हातलीच झाडं. मनीप्लँट, फर्न, कॅलॅथिया यांना मार्च उजाडताच आत घ्या. फेब्रुवारीअखेर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी. ऊन अडवण्याइतकंच कुंडी तापू न देणंही महत्त्वाचं. काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्यांत मुळं अक्षरशः शिजतात. त्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पुढच्या रांगेत मोठ्या मातीच्या कुंड्या लावा, आणि मातीवर वाळक्या पानांचं दोन-तीन बोटं जाड आच्छादन घाला. सोसायटीच्या आवारात या दिवसांत पानांचे ढीग पडलेले असतात आणि ते जाळले जातात. एक पोतं भरून आणा. जाळण्यापासूनही वाचतील.

९. मोगरा नुसता पानांनी भरलाय. फूल नाही. काय चुकतंय?

दर वर्षी सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी ऊन बघा. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, खिडकीतल्या उजेडावर तो पानंच देतो. ऊन पुरेसं असेल तर छाटणी आठवा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, जुन्या लांबलेल्या फांद्यांवर नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झाड एक-तृतीयांश उतरवा, उरलेली पानं ओरबाडून काढा, आठवडाभर पाणी अगदी कमी द्या. मग वरची दोन इंच माती खरवडून कुजलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा घाला आणि पाणी सुरू करा. थोड्याच दिवसांत गाठींमधून तांबूस कोंब दिसतात.

मार्च उलटून गेला असेल तर आता एवढी कडक छाटणी नको. फक्त शेंडे खुडा. प्रत्येक बहर ओसरला की पुन्हा शेंडे खुडायचे, म्हणजे पावसापर्यंत तीन-चार बहर मिळतात. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं खत घालत असाल तर थांबवा, नुसती पानं येण्याचं तेही कारण असतं.

१०. या दिवसांत भाज्या कोणत्या लावाव्यात? मेथी-कोथिंबीर येतच नाही.

येणारही नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना थंडी आवडते. ऊन वाढलं की त्या पानांऐवजी तुरा काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, लाल माठ पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, बाराइंची कुंडीत एक झाड या हिशेबाने. साधारण दीड महिन्यात पहिली भेंडी हाताशी येते, आणि ती बोटभर असतानाच तोडायची, दोन दिवस राहिली की जून होते. चौघांच्या घराला एका वेळची भाजी निघायला आठ-दहा झाडं तरी हवीत. दोन झाडांवर भाजी होत नाही. पण मुलांनी स्वतः तोडलेल्या चार भेंड्या तव्यावर परतून दिल्या तर एरवी भेंडीला नाक मुरडणारं पोरही खातं, आणि माझ्या मते छोट्या बागेचा खरा लाभ तो आहे.

कोथिंबीर हवीच असेल तर पूर्वेच्या सावलीत, धने हलके रगडून त्यांच्या डाळिंब्या करून पेरा आणि कोवळी असतानाच खुडा.

११. पाणी किती घालायचं? दुपारी झाडं माना टाकतात.

दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते आपोआप ताठ झालं तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सातलाही मलूल असेल तर मात्र द्या. मातीत बोट दोन पेरं घालून बघा, ओल लागली तर थांबा. सकाळी लवकर, कुंडीच्या खालून पाणी निथळेपर्यंत द्यावं. रोज वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि लवकर होरपळतात.

चार दिवस गावाला जाणार असाल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र करा, भरपूर पाणी द्या, आच्छादन घाला (प्रश्न ८). फुलांवर असलेल्या मोगऱ्याला तेवढ्यापुरती शेजाऱ्यांची मदत लागेलच.

१२. कढीपत्त्याचा आठवड्यात फडशा पडला. पानांवर पाखरांच्या विष्ठेसारखं काहीतरी आहे.

त्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहानपणी त्या मुद्दाम तशा दिसतात, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचलं की डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडतात. लिंबू आणि कढीपत्ता हे त्यांचं अन्न. आपलं राज्य-फुलपाखरू नीलवंत, तेही लिंबूवर्गातल्या झाडांवरच अंडी घालतं.

झाड गुडघ्याच्या वर असेल तर काहीही करू नका. कढीपत्ता पुन्हा फुटतो, उलट आणखी भरदार. रोपटंच असेल तर एक-दोन अळ्या ठेवून बाकीच्या हलक्या हाताने पानासकट मोठ्या झाडावर हलवा. फवारणी नको, आणि त्या पानांची फोडणीही तेवढे दिवस नको.

१३. जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय. त्यावरही काही करू नये का?

त्यावर करायलाच हवं. तो पिठ्या ढेकूण, आणि ऊन वाढलं की झपाट्याने पसरतो. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि तेल मिसळण्यापुरता द्रवरूप साबण घालून पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. फवारणी सूर्यास्तानंतर करा, दिवसा मधमाश्या असतात आणि उन्हात तेलाने पानंही करपतात. कुंडीत मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा, कारण गोड चिकट्यासाठी मुंग्याच या किडीला सांभाळतात.

१४. शिंजिराने बाल्कनीतल्या वेलीवर घरटं लटकवलंय. आता पाणी घालू की नको?

घाला. सकाळी एकदा, पटकन, बुंध्याशी. कुंडी हलवू नका, छाटणी करू नका, घरट्यात मोबाइल घालून फोटो काढू नका. कोळ्याच्या जाळ्याने, कापसाने आणि सालपटांनी विणलेली ती थैली असते, तिचं दार बाजूला असतं आणि त्यावर छोटंसं छज्जंही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत जेमतेम महिना जातो. मांजर पोचत असेल तर जाळी लावा, पण दाराकडची बाजू मोकळी ठेवा.

याच कारणासाठी सोसायटीत शेवग्याची वाळकी फांदी तोडायला माणूस बोलावण्याआधी तिच्यावर गोल भोक आहे का बघावं. तांबट पक्षी अशाच मऊ लाकडात घर करतो. मार्चमध्ये दुपारभर 'टुक् टुक्' ऐकू येतं ते त्याचंच.

१५. गच्चीवर वाफे करायचे आहेत. स्लॅब पेलेल का?

सरसकट 'हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वापराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. सहा इंच ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरवर २५० किलोच्या घरात जातो. म्हणून सलग वाफे करायचे तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. सुट्या कुंड्या किंवा ग्रो-बॅग भिंतीलगत आणि तुळयांच्या रेषेवर, खाली विटा देऊन ठेवा, म्हणजे पाणी निचरतं आणि गळती लवकर दिसते. मिश्रणात कोकोपीट आणि पालापाचोळा निम्मा ठेवला की वजन बरंच उतरतं.

१६. बाहेर जाणं होत नाही. घरीच सगळ्यांनी मिळून काय करावं?

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसते, म्हणजे महिनाभर निमित्त आहे. मुलांना दारात चैत्रांगण काढायला बसवा. कासव, गोपद्मं, सूर्य-चंद्र, आंब्याचं झाड, आजीला एकेक विचारून. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटायची, तोतापुरी नको, चांगली आंबट कैरी किसायची, मीठ-साखर, वरून हिंग-हळद-मोहरीची चरचरीत फोडणी आणि ओलं खोबरं. ही आंबेडाळ, शेजारी वाटीभर भिजवलेले हरभरे आणि वेलदोड्याचं पन्हं. चार शेजारणींना बोलावलं की घर भरतं.

पाखरांसाठी पसरट मातीचं भांडं ठेवा, बोटभर खोल, आत एक दगड. पाणी दोन दिवसांनी बदला आणि भांडं घासा, नाहीतर डासांची पैदास होते. हे काम घरातल्या सगळ्यात लहान सभासदाला द्यावं.

१७. आम्ही परदेशात आहोत. यातलं काय लागू पडतं?

पेरणीच्या वेळा अजिबात नाही. अमेरिका-युरोपच्या थंड भागात तिथल्या शेवटच्या हिमकडाक्याची तारीख बघून चालावं. मिरचीची रोपं त्याआधी सहा-आठ आठवडे आणि भेंडीची त्याहून थोडी उशिरा घरात करावीत, आणि बाहेर लावण्याआधी आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावावी. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचं तापमान सातत्याने १२ अंशांच्या वर गेल्यावरच बाहेर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये वसंत सप्टेंबरपासून, म्हणजे इथे गणपती-नवरात्र असताना. भारतातून बिया किंवा रोपं नेताना त्या देशाचे नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र लागतं, आणि मातीसकट रोप बहुतेक देश आत येऊच देत नाहीत. पाण्याचा प्रश्न ११ आणि किडीचा प्रश्न १३ मात्र कुठेही तसेच्या तसे वापरता येतील.